दोन बोटं लाकूड

३ मार्च, सोमवार

काम मिळालं. कन्व्हेन्शन सेंटरचं मॉडेल मीच करायचं. वास्तुविशारद बाईंनी सकाळी फोन केला आणि दुपारी नकाशांची गुंडाळी घेऊन स्वतः वर्कशॉपमध्ये आल्या. सव्वीस वर्षं मी मॉडेलं करतोय. पण आजवर बिल्डरांच्या सोसायट्या, एक दवाखाना आणि एका शाळेचं सभागृह, यापुढं मजल गेली नव्हती. हे मॉडेल नगरसभेच्या दालनात राहणार. आधी जाहीर सुनावण्या, मग जूनमध्ये निधीवर मतदान. शहराचा पैसा यात घालायचा की नाही, यावरून गावभर भांडण चाललंय, आणि भांडणाच्या मधोमध टेबलावर माझं काम असणार. घरी येऊन हिला सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे शिव्या खायला तुमचं मॉडेल पुढं."

एक गोष्ट हिला सांगितली नाही. जागा कुठली ती. नकाशावरच्या लाल रेघेच्या आत आमची जुनी गल्ली आहे. बाबांचं घर, सात नंबर, बरोबर सेंटरसमोरच्या बागेत येतं. मी त्या गल्लीत वाढलो हे बाईंनाही बोललो नाही. काम हातचं जाईल अशी भीती वाटली असावी.

९ मार्च, रविवार

बाबांकडं गेलो. बाबा एकोणऐंशीचे आहेत. बेचाळीस वर्षं फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना लागतो. तो करायचं त्यांचं काम. माझ्या हातात जे काही आहे ते त्यांच्याकडून आलेलं. आई गेल्यापासून एकटे राहतात. खिडकीखाली त्यांचं कामाचं टेबल आहे, स्वतः केलेलं, चौघांनी उचलावं असं. अजून रोज सकाळी त्याच्यापुढं उभे राहतात. काय करता विचारलं की "रंध्याला धार लावतो" म्हणतात. लाकूड मात्र कधी आणलेलं नसतं.

समोरचे घड्याळकाका पेपर घेऊन बसले होते. घड्याळं दुरुस्त करतात म्हणून घड्याळकाका. त्यांचं खरं नाव मला चाळिशीत कळलं. नकाशा पेपरात छापून आलाय, त्यामुळं लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मॉडेल तू करणार म्हणे," काका म्हणाले.

"हो."

"छान. म्हणजे आम्हाला पाडणारा घरचाच निघाला."

"पाडतोय कोण, काका? मी फक्त छोटं करून दाखवतो."

काका हसले नाहीत. बाबा हसले. मला बरं वाटावं म्हणून हसले असतील.

निघताना बाबा दारापर्यंत आले. "त्यात आपलं घर असेल ना?"

"असेल की, बाबा."

२२ मार्च, शनिवार

घर आहे, हे खोटं नाही. मॉडेलाच्या मधला तुकडा सुटा ठेवलाय, आणि तो दोन तऱ्हांचा केलाय. एक 'आहे तसं': गल्ली, दोन्ही बाजूंची अकरा घरं, काकांच्या दुकानाची फळी, कोपऱ्यावरचा नळ. दुसरा 'होणार तसं': सेंटरची काचेची दर्शनी बाजू, रुंद पायऱ्या आणि पुढं बाग. बाई सुनावणीत पहिला उचलून त्या जागी दुसरा बसवणार. कल्पना माझीच. बाईंना फार आवडली.

सात नंबरचं घर करायला दोन दिवस लागले. बाकीची दहा घरं मिळून तीन दिवसांत झाली. दाराला पायरी केली, पायरीचा तुटलेला कोपराही केला. दोनशेपट लहान केल्यावर तो कुणाला दिसणार नाही, पण मला माहीत आहे की तो आहे.

दिवसभर तुकडा बसतो की नाही ते बघत होतो. 'आहे तसं' काढायचं, 'होणार तसं' घालायचं, कडा कुठं अडते ते कानशीनं घासायचं. पन्नासेक वेळा तरी गल्ली उचलून कपाटावर ठेवली असेन.

३ एप्रिल, गुरुवार

पहिली सुनावणी. दालन खचाखच भरलं होतं. बोलणाऱ्याला तीन मिनिटं, मग घंटा.

एका हॉटेलात स्वयंपाक करणारी बाई बोलली. तिचं हॉटेल वर्षातले सहा महिने निम्मं रिकामं असतं, आणि त्या सहा महिन्यांत तिला घरी बसवतात. "मला भाषण येत नाही," म्हणाली. "मला बाराही महिने काम पाहिजे. सेंटर झालं तर मिळेल, असं सगळे म्हणतात." एवढं बोलून बसली. तिची दोन मिनिटं शिल्लक राहिली. मला ती पटली. आजही पटते.

मग एकानं रस्त्यांतल्या खड्ड्यांची यादी वाचली. एकानं दुसऱ्या शहरातलं असलंच सेंटर कसं ओस पडलंय त्याचे फोटो दाखवले. मग घड्याळकाका उठले. "माझ्या दुकानावर पाटी नाही," ते म्हणाले. "लोक विचारत विचारत येतात. तुम्ही मला नवी जागा द्याल, मोठी द्याल, पाटी लावून द्याल. पण तिथं लोक विचारतील कुणाला?" घंटा वाजली. काकांनी मनगटावर बघितलं आणि अध्यक्षांना म्हणाले, "तुमचं घड्याळ वीस सेकंद पुढं आहे." सगळं दालन हसलं. विरोधातले हसले, बाजूचेही हसले.

शेवटी बाईंनी गल्ली उचलली आणि सेंटर बसवलं. 'अहाहा' असा आवाज झाला. टाळ्याही वाजल्या. बाबा मागच्या रांगेत होते, काकांच्या शेजारी. त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. पण आधी छाती फुगली, लाज बाहेर रस्त्यावर आल्यावर वाटली.

११ एप्रिल, शुक्रवार

भूसंपादन कचेरीचं पत्र बाबांना आलंय. स्वखुशीनं आधी घर देणाऱ्याला मोबदला लगेच. जो थांबेल त्यानं मतदानानंतर नोटिसा, कोर्ट, हेलपाटे करत बसायचं.

मी ठरवलं. बाबांना आत्ताच आमच्याकडं आणायचं. मुलगी नोकरीला परगावी गेली, तिची खोली रिकामी आहे. सहावा मजला, पण लिफ्ट आहे. ऐंशीच्या उंबऱ्यावरच्या माणसानं कोर्टाच्या पायऱ्या का चढायच्या?

"मतदान तर होऊ द्या," ही म्हणाली.

"मतदान नावापुरतं आहे गं. सगळं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

आता विचार करतोय तर कुणी ठरवलंय असं कुठंच ऐकलेलं नाही. तरी मला खात्री आहे. माझ्या टेबलावर सेंटर उभं आहे, काचेसकट.

१५ एप्रिल, मंगळवार

बाबांनी सही केली. मी तासभर समजावलं; कोर्ट, वय, जिना, पावसात गळणारं छप्पर, एकटेपण, सगळं काढलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कुठं करू सही?" मी बोट ठेवलं तिथं केली. अक्षर अजून नकाशावरच्यासारखं आहे.

मग म्हणाले, "टेबल येणार ना?"

"येणार म्हणजे काय! टेबलाशिवाय तुम्ही येणार आहात का?"

खोलीत खिडकी आणि भिंतीतलं कपाट यांच्या मधे एक कोनाडा आहे. तिथंच ते बसेल. कोनाडा मी सकाळी टेपनं मोजून आणला होता: दोन मीटर एक सेंटीमीटर. टेप मात्र घरीच विसरलो. दाराजवळच्या खिळ्यावर बाबांची पितळी पट्टी टांगलेली असते, तीच काढून टेबल मोजलं. बरोबर दोन मीटर. एक सेंटीमीटर मोकळा. बाबा खुर्चीत बसून बघत होते. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण खोकला आला त्यांना. पाणी दिलं.

"बसतंय, बाबा," मी म्हणालो.

"बसतंय का? बरं," म्हणाले आणि पट्टी माझ्याकडून घेऊन पुन्हा खिळ्याला टांगली. एकदम हुशारी आल्यासारखे दिसले. स्वतः उठून चहा केला, काकांनाही हाक मारली. मला हायसं वाटलं. मनाची तयारी झाली असणार.

२७ एप्रिल, रविवार

आजचा दिवस वाईट गेला. बाबांना आणलं. चार हमालांनी टेबल सहा मजले जिन्यानं चढवलं, कारण लिफ्टमध्ये मावेना. आणि कोनाड्यात बसेना. एका सेंटीमीटरनं बसेना.

मी टेप लावला. टेबल दोन मीटर दोन सेंटीमीटर. मग कपाळावर हात मारला. ती पट्टी! ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून नमुना तेवढाच मोठा करावा लागतो, आणि म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात लांब असते; मीटरमागं एक सेंटीमीटर जास्त, पण आकडे नेहमीचेच. लहानपणी तिला हात लावला म्हणून मी मार खाल्लाय. "ही जगाला मोजायची पट्टी नाही," बाबा म्हणायचे. पन्नाशीचा झालो आणि तिनंच मोजून बसलो. इतर कुणाच्या बापाच्या घरी ही चूक झालीच नसती. तिथं साधी पट्टी असती.

हमाल घाई करत होते. टेबल दारात अडकलेलं, शेजारच्यांना ये-जा करता येईना. ठेवायला दुसरी जागा नाही, पलंग आणि कपाटानं खोली भरलेली. मी वर्कशॉपमधून करवत आणली आणि टेबलाच्या टोकाची दोन बोटं कापली. जुनं सागवान, करवत ओढताना हात भरून आले. बाबा पलंगावर बसून होते. मधेच उठले, जवळ आले, टेबलावर तळवा ठेवला. मग परत जाऊन बसले. टेबल बसलं.

ही स्वयंपाकघरात मला म्हणाली, "तुम्ही त्या पट्टीनं मोजत होतात तेव्हा बाबा तिथंच होते ना? त्यांच्या लक्षात कसं आलं नाही?"

"वय झालं गं त्यांचं."

हिनं माझ्याकडं बघितलं आणि भांडी विसळायला घेतली.

कापलेला तुकडा टाकवेना. वर्कशॉपमध्ये नेऊन फळीवर ठेवला.

८ मे, गुरुवार

दुपारी घड्याळकाकांचा फोन. "सात नंबर पाडतायत."

मला वाटलं चेष्टा करतायत. गेलो. माती तपासणारं यंत्र लावायला त्यांना गल्लीत मोकळी जागा हवी होती, आणि रिकामं घर आमचं एकट्याचंच. बाकीच्या दहा जणांनी सह्या केलेल्या नाहीत. कुणीच केलेल्या नाहीत! मला वाटत होतं निम्म्यांनी तरी केल्या असतील. मी विचारलं कधी होतं?

मी पोचलो तेव्हा मागची भिंत तेवढी उभी होती. भिंतीवर टेबलाची खूण. इतकी वर्षं टेबल टेकून होतं तिथं रंग वेगळा राहिलाय. पायरी बाजूला पडली होती. काका त्यांच्या दुकानाच्या फळीवर बसले होते. दुकान उघडं, पण काम पुढ्यात नव्हतं.

"पट्टी काढून घेतली होतीस ना, खिळ्यावरची?"

"बाबांनी आणली, बॅगेत."

"सांगणार आहेस त्याला?"

"सांगतो."

"आज सांग. माझ्या तोंडून कळायला नको त्याला."

आज सांगितलं नाही. बाबा दारात भेटले आणि म्हणाले, "गल्लीकडं गेला होतास का? चपलांना तिथली माती दिसते." मी म्हणालो, बाईंबरोबर जागा बघायला गेलो होतो. म्हणाले, "घर बघितलंस?" मी 'हो' म्हणालो. हे वाक्य लिहिताना माझी मलाच किळस येतेय.

२० मे, मंगळवार

दुसऱ्या सुनावणीच्या आधी बागेची झाडं हवीत, दीडशे. वाळलेल्या काड्यांची टोकं घ्यायची, ती सरसात बुडवायची, वर स्पंजाचा हिरवा चुरा. डोळ्यांचं आणि सबुरीचं काम. मी एकटा कुठं पुरा पडणार? बाबा म्हणाले, "मला दे. इथं काय करतो मी दिवसभर?"

खरंच, काय करतात? लिफ्टनं खाली जातात, फाटकापर्यंत चालतात, वर येतात. शेजाऱ्यांशी 'नमस्कार' पलीकडं बोलणं जात नाही. शर्ट खांद्यावरून ओघळायला लागलेत. ही म्हणते महिना सुद्धा झाला नाही आणि एवढे उतरले. डॉक्टर म्हणाले तब्येत उत्तम आहे.

झाडं करायला लागल्यापासून जरा बोलायला लागलेत. आज विचारलं, "ही बाग आपल्या घरावरच ना?"

मी सरसाची वाटी त्यांच्याकडं सरकवली.

"अरे, नकाशा कळतो मला. सात नंबरवर कुठलं झाड आहे?"

"एक मोठं आहे. पायऱ्यांच्या डावीकडं."

"मग ते मी नीट करतो. घर उभं आहे तोवर कागदावरच्या झाडानं काय बिघडतंय?"

ते एक झाड त्यांनी तीनदा केलं. पहिल्याचं खोड सरळ आलं म्हणून, दुसऱ्याची सावली एका बाजूला जास्त पडते म्हणून. मी समोर बसून स्पंज कातरत होतो. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं.

१२ जून, गुरुवार

शेवटची सुनावणी झाली. झाडांचं कौतुक झालं. बाईंनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी मनात बाबांचं घेतलं. बाबा आले नाहीत. "काय ऐकायचं? घड्याळवाला सांगेल," म्हणाले.

काकांनी या वेळी भाषण केलं नाही. नुसते उठले, 'होणार तसं' तुकड्यातल्या मोठ्या झाडाकडं बोट दाखवून विचारलं, "हे झाड मॉडेलातलं की खरं?" अध्यक्ष म्हणाले, मॉडेलातलं. "मग सात नंबर खरंखुरं का पाडलं?" घंटा वाजायच्या आत बसले. अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं. मी खांबाआड उभा होतो.

आज सांगणार होतो. बाबा पेपरातलं कोडं सोडवत होते, तोंडात पेन्सिल. एक शब्द अडला होता, तो आम्ही दोघांनी मिळून शोधला आणि ते खूश झाले. मग मला धीर झाला नाही.

२४ जून, मंगळवार

दुपारी मतदान. पंचवीस बाजूनं, सत्तावीस विरुद्ध. सेंटर होणार नाही.

एका वयस्कर सभासद बाईंनी उलटवलं असं सगळे म्हणतात. त्यांनी एवढंच विचारलं: "यात किती माणसं बसतील?" पाच हजार. "वर्षातले किती दिवस?" अंदाजे चाळीस. "आणि उरलेल्या दिवशी दिवे कोण लावणार, झाडू कोण मारणार, ते कुठं लिहिलंय?" वास्तुविशारद बाई कागद चाळत राहिल्या. त्या सेंटरसाठी चार वर्षं राबल्यात; नंतर जिन्यात एकट्या उभ्या होत्या, डोळे लाल. ती हॉटेलातली स्वयंपाकीण निमूटपणे पर्स उचलून गेली. गॅलरीत गल्लीतली माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. काका दोन्ही हात वर करून ओरडत होते. त्यांची नजर माझ्यावर पडली आणि हात खाली आले.

पाच वाजता घरी आलो. बाबांनी रेडिओवर ऐकलं होतं. पलंगावर बॅग भरलेली. पटाश्या, कानशी कापडात गुंडाळून वरून सुतळी. दाढी केलेली. कित्येक आठवड्यांत त्यांना एवढं ताठ उभं बघितलं नव्हतं.

"मला ठाऊकच होतं," म्हणाले. "तू माझी पट्टी घेतलीस ना, तेव्हापासून ठाऊक होतं."

"म्हणजे?"

"अरे, म्हटलं, मापू दे. टेबल तिथं बसायचं नाही. मग मी म्हणणार, टेबल नाही तर मी पण नाही. आणि तू म्हणणार, जाऊ द्या बाबा, राहा गल्लीतच." हसले. "तर तू करवत घेऊन आलास."

"तेव्हा बोलायचं ना, बाबा!"

"एवढा घामाघूम होऊन कापत होतास. मधेच काय बोलणार? बरं, तो तुकडा टाकला नाहीस ना? जोडून घेऊ. तिथं अख्खंच लागेल, भिंतीला खूण आहे."

ही दारात उभी होती. ती आत निघून गेली. मी पलंगावर बॅगेशेजारी बसलो आणि सांगितलं.

"घर नाही, बाबा. पाडलं."

"कधी?"

"आठ मेला."

"बाकीची?"

"बाकीची आहेत."

"सगळी?"

"सगळी."

बाबा खिडकीकडं वळले. पाठ माझ्याकडं. मग विचारलं, "म्हणजे मी ते झाड करत होतो तेव्हा..."

"हो."

"आणि तू समोर बसला होतास."

मला हुंदका आवरेना. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. सुतळीची गाठ सोडायला लागले. ती घट्ट बसली होती, नखानं निघेना, पण मला हात लावू दिला नाही.

२६ जून, गुरुवार

मॉडेल परत आलं. नगरसभेला नको, बाईंनाही नको. बाबा म्हणाले, मला गल्ली दाखव. 'आहे तसं' तुकडा नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवला. चष्मा वर करून, अगदी नाक टेकेपर्यंत वाकून बघितलं. पायरीचा तुटलेला कोपरा त्यांना दिसला. त्यावर बोट फिरवलं.

"आहे तसं म्हणतोस ना याला?"

"हो."

"मग चुकलंय." त्यांनी बारीक पटाशी घेतली, सात नंबरच्या खाली सारली आणि घर अलगद उचकटलं. खालचा सरस खरवडून जागा साफ केली. "जे नाही ते नमुन्यात ठेवायचं नाही," म्हणाले. रागानं नाही, कारखान्यात शिकाऊ पोरांना सांगत असतील तशा आवाजात. ते नखाएवढं घर त्यांनी मला दिलं. माझ्या खिशात आहे. कुठं ठेवावं कळत नाही.

२९ जून, रविवार

बाबांनी तुकडा मागितला. मी म्हणालो, आता कशाला, बाबा? म्हणाले, आण.

टेबल आम्ही दोघांनी कोनाड्यातून ओढून बाहेर काढलं. लाकडाचं टोक टोकाला जोडायचं, नुसता सरस धरत नाही, म्हणून बाबांनी खुंट्या घातल्या. सहा भोकं, सहा खुंट्या, सगळ्या त्यांनी स्वतः तासलेल्या. हात थरथरतो, पण पटाशी लाकडाला टेकली की थांबतो. मी क्लॅम्प आवळले. "अजून," म्हणाले. "अजून. आता पुरे." माफी मागायची होती, दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "घट्ट धर, सरकतंय."

दुपारी क्लॅम्प सोडले. जोड बोटाला लागत नाही. बाबांनी पितळी पट्टी लावून मोजलं, मग मला मोजायला लावलं. दोन मीटरला दोन मिलिमीटर कमी. करवतीनं जेवढा भुसा केला तेवढं काही परत आलं नाही.

टेबल आता कोनाड्यात जात नाही. खोलीच्या मधोमध ठेवलंय, पलंग आणि दार यांच्यामध्ये. आत जायचं तर अंग चोरून जावं लागतं. संध्याकाळी हिच्या कमरेला कोपरा लागला, मला दोनदा. मी विचारलं, थोडं तिरकं करू का? बाबा टेबलापुढं उभे होते, रंध्याला धार लावत.

"राहू दे," म्हणाले.